नदी कुठली देऊ?

"सर, नदी कुठली देऊ?"

टूरवाल्याच्या ऑफिसातल्या त्या पोराने हे इतक्या सहज विचारलं, की मी आधी मागे वळून बघितलं. नदी घ्यायला आलेला दुसरा कुणीतरी माझ्यामागे उभा असणार, याची मला खात्री होती. नदीच्या बाबतीत माणसाला काही निवड असते, हेच मला ठाऊक नव्हतं. मी मुठेच्या काठी जन्मलो, मुठेच्या काठी शिकलो, मुठेच्याच काठच्या एका बँकेत चिकटलो आणि पुढची सोयही वैकुंठात, म्हणजे पुन्हा मुठेच्याच काठी आहे. बाकीच्या नद्यांशी आमचा संबंध सातवीच्या भूगोलापुरता. उगम, लांबी, दोन उपनद्या, मार्क तीन.

"आहेत कुठल्या कुठल्या?"

"सगळ्या आहेत सर. ऱ्हाईन आहे, डॅन्यूब आहे, फ्रान्सची सीन आहे, पोर्तुगालची डोरू आहे. नाईल तर आपली नेहमी जाते. मेकाँग पाहिजे असेल तर मागवून देतो."

आणि त्याने टेबलावर माहितीपत्रकं अशी भराभर उलगडायला घेतली, की साडीच्या दुकानातल्या गादीवर बसल्यासारखं वाटायला लागलं. बायकोलाही तसंच वाटलं असावं. तिने ऱ्हाईनचा कागद दोन बोटांत चाचपून पाहिला आणि म्हणाली, "यात जरा वेगळं काही दाखवा ना."

हे खूळ आमच्या घरात आलं साडूभाऊंमुळे. ते डॅन्यूबवर जाऊन आले. आल्यावर "जेवायला या" असं आमंत्रण आलं, आणि जेवण टीव्हीवर फोटो दाखवून झाल्यानंतर आहे, हे तिथे गेल्यावर कळलं. प्रत्येक फोटोत साडूभाऊ पुढे, हातात ग्लास, आणि त्यांच्या कानामागून जेवढी दिसेल तेवढी नदी. एका फोटोत ते चुकून बाजूला सरकले होते, त्यात पाणी नीट दिसलं. चांगलं मातकट हिरवं होतं.

"ही निळी ना हो?" मी विचारलं.

"निळीच आहे. फोटोत तशी येते."

श्ट्राउसचा तो प्रसिद्ध वॉल्ट्झ 1867 साली व्हिएन्नात पहिल्यांदा वाजला. तेव्हापासून डॅन्यूब निळी आहे असं सगळ्या जगाने ठरवून टाकलंय. पाण्याला कुणी विचारलेलं नाही.

"दहा देशांतून वाहते," साडूभाऊ म्हणाले. हे मात्र खरं. व्हिएन्ना, ब्रातिस्लाव्हा, बुडापेस्ट, बेलग्रेड अशा चार राजधान्या तिच्या एकटीच्या काठावर आहेत. पण साडूभाऊंची बोट जर्मनीतल्या पासाऊहून निघाली आणि बुडापेस्टला थांबली. म्हणजे देश झाले चार. उरलेले सहा त्यांनी श्रीखंडाबरोबर आमच्या गळी उतरवले.

परतताना रिक्षात बायको एवढंच म्हणाली, "आपणही जाऊ या. पण डॅन्यूब नको."

हा पहिला नियम. ताई गेली तिथे जायचं नाही. दुसरा नियम तिने बोलून दाखवला नाही, पण इतक्या वर्षांच्या संसारात तेवढं कळतं. ताईच्या नदीपेक्षा लहान नदीही चालणार नाही. मी रात्री चष्मा लावून बसलो. डॅन्यूब 2,850 किलोमीटर. ऱ्हाईन जेमतेम 1,230. डोरू हजाराच्या आत, सीन त्याहून आखूड. नदी निवडताना तिची लांबी साडूच्या नदीपेक्षा जास्त असावी, हा निकष कुठल्याही प्रवासी पुस्तकात सापडणार नाही, पण टूरवाल्यांचा निम्मा धंदा याच्यावर चालत असावा असा माझा वहीम आहे.

तरी ऱ्हाईनमध्ये आमचा जीव अडकला होता. पुतण्या नोकरीनिमित्त माइन्झला असतो आणि माइन्झ ऱ्हाईनच्या काठावर आहे. बोटीच्या आधी आणि नंतर चार दिवस त्याच्याकडे राहिलं तर हॉटेल वाचेल, हा विचार दोघांच्याही मनात होता. आम्ही तो "पोराला भेटणं होईल" अशा शब्दांत मांडत होतो. पुतण्याला फोन लावला.

"काका, ऱ्हाईनचं काही खरं नाही," तो म्हणाला. एवढ्या घाईने म्हणाला, की त्यालाही हॉटेलचा हिशेब कळला असणार.

पण पोरगा खोटं बोलत नव्हता. ऱ्हाईनवर काउब नावाचं एक चिमुकलं गाव आहे. तिथल्या मोजपट्टीवर पाणी किती, याकडे सगळ्या बोटवाल्यांचे डोळे लागलेले असतात, कारण त्या टप्प्यात नदी उथळ आहे. 2018 च्या ऑक्टोबरात तिथला आकडा 25 सेंटिमीटरवर आला होता. बोटीच्या वाटेत त्याहून मीटरभर जास्त पाणी असतं म्हणे, पण मीटरभर पाण्यात आमच्याकडे म्हशी बसतात.

"मग बोट कशी जाते?"

"नाहीच जात. पाणी आहे तिथपर्यंत बोट, मग बस, मग पलीकडे दुसरी बोट."

"आणि पाणी भरपूर असलं तर?"

"मग पुलाखालून बोट जात नाही. तेव्हाही बस."

पूल बुटके असले की कप्तानाची काचेची केबिन सबंधच्या सबंध खाली आत घेतात, वरच्या डेकचे कठडे आडवे पाडतात, आणि छपराखाली जा नाहीतर खुर्चीत बसून राहा असं प्रवाशांना बजावतात. पाणी फारच चढलं तर तेवढ्यानेही भागत नाही. बायकोने हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली, "पाणी कमी तर बस, पाणी जास्त तर बस. मग स्वारगेटलाच बसू की."

टूरवाला पोरगा हार मानणारा नव्हता. त्याने काठावरचे किल्ले दाखवले. लोरेलायचा 132 मीटर उंच कडा दाखवला. त्या कड्यावर बसून एक सुंदरी केस विंचरते आणि तिच्याकडे बघता बघता नावाडी खडकावर आपटतात, अशी आख्यायिका त्याने फार रंगवून सांगितली. तो टप्पा आला की मी खोलीत बसायचं, एवढाच बोध तिच्यातून आमच्या घरात घेतला गेला. मग त्याने ऱ्हाईन आणि डॅन्यूब जोडणारा कालवा दाखवला. बोट त्यात लॉक चढत चढत समुद्रसपाटीपासून 406 मीटर उंचीवर जाते आणि पलीकडे उतरते. या दोन नद्या जोडायला शार्लमेन राजाने 793 साली खणायला घेतलं होतं आणि आत्ताचा कालवा पुरा झाला 1992 साली. हे ऐकल्यापासून मी आमच्या भागातल्या उड्डाणपुलाविषयी बोलणं सोडून दिलं आहे.

लॉक हा प्रकार मात्र मला आवडला. दोन्ही टोकांना दारं असलेली काँक्रीटची लांबलचक पेटी. बोट आत शिरते, मागचं दार बंद होतं, पाणी भरतात, बोट वर येते, पुढचं दार उघडतं. लॉकची रुंदी 12 मीटर आणि बोटीची 11 मीटर 40. म्हणजे दोन्ही बाजूंना मिळून फक्त 60 सेंटिमीटर. त्यातून ते 135 मीटर लांबीची बोट घासू न देता काढतात. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी तेवढ्या जागेत स्कूटर लावू शकत नाहीत, हे मी त्या पोराला सांगितलं. बायकोचा प्रश्न वेगळा होता.

"आपण लॉकमध्ये असताना खिडकीतून काय दिसतं?"

"भिंत," पोरगा म्हणाला. तो नोकरीत नवीन असावा.

मग खिडकीचा विषय निघाला तो निघालाच. खालच्या डेकवर छताजवळ एक पट्टीएवढी खिडकी, पाणी तिच्या जरा खाली, आणि ती उघडत नाही. मधल्या डेकवर 'फ्रेंच बाल्कनी'. म्हणजे काचेचं दार सरकतं, पण पलीकडे पाऊल टाकायला जागा नाही; दारातच छातीशी कठडा. पुण्यातल्या बिल्डरने यालाच टेरेस म्हणून वेगळा रेट लावला असता. सगळ्यात वर खरी बाल्कनी. पण व्हिएन्नासारख्या गर्दीच्या धक्क्यावर बोटी एकीला एक खेटून लावतात. सकाळी पडदा सारला की समोर हातभर अंतरावर दुसऱ्या बोटीची बाल्कनी, आणि तीत बंडीवर दात घासणारा कुणीतरी ऑस्ट्रेलियन.

"एवढे लाख मोजून समोरच्या बिल्डिंगमधलाच माणूस बघायचा?" बायको म्हणाली. आमच्या समोरच्या बिल्डिंगमधले गृहस्थही बंडीवरच दात घासतात. त्यांना आम्ही फुकट बघतो.

मग आली तारखांची भानगड. युरोपातल्या नद्या आणि कालनिर्णय यांची कुणीतरी मुद्दाम गाठ पडू दिलेली नाही. वसंतात बर्फ वितळून पाणी चढतं, तेव्हा आपल्याकडे हापूस आलेला असतो. पुण्याचा माणूस एक वेळ घर सोडेल, पेटी सोडणार नाही. जुलै-ऑगस्टमध्ये डोरूच्या खोऱ्यात पारा चाळिशीला टेकतो. उन्हाळ्याच्या शेवटी ऱ्हाईन आटते, तेव्हा गणपती, गौरी, मग पितृपक्ष, की लगेच घट. डिसेंबरात डॅन्यूबकाठी नाताळचे बाजार भरतात, फार सुंदर दिसतात, पण तेव्हा बायकोचे मार्गशीर्षातले गुरुवार असतात आणि माझे गुडघे थंडीत वर्गणी मागतात. पौष तेवढा मोकळा होता. पौषात ना लग्न, ना मुंज.

"पौषात कुठली नदी असते?" मी विचारलं. पोराने संगणकात 'पौष' टाइप करून पाहिलं असावं, कारण बराच वेळ तो काही बोलला नाही.

दरम्यान बातमी ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर गेली होती. तिथे नदीवर मत नसलेला माणूस नाही आणि नदीत गेलेला माणूसही नाही. एकाने ॲमेझॉन सुचवली. ॲमेझॉन म्हटल्यावर मी खुललो, कारण साडूभाऊंच्या दुपटीहून जास्त लांब! पेरूमधल्या इकितोस शहरातून बोटी सुटतात, आणि त्या शहराला बाहेरून रस्ताच नाही. विमानाने जा, नाहीतर बोटीने. प्रवाशांना गळ टाकून पिरान्हा मासे धरायला देतात. हे मी घरी फार उत्साहाने सांगितलं. पण तिथून भारतात परतताना यलो फीवरची लस घेतल्याचा दाखला लागतो, आणि साठीपुढच्या माणसाला ती लस द्यावी का, याचा डॉक्टर दोनदा विचार करतात. आमच्या डॉक्टरांनी एकदाच केला.

यांगत्सेवर थ्री गॉर्जेस धरणाचं पाच टप्प्यांचं लॉक आहे. पाच टप्पे भिंत बघायची, म्हणून ती गेली. मेकाँगचं जवळजवळ ठरलं होतं. तिथे पावसाळ्यात मेकाँगला इतकं पाणी येतं, की तिला मिळणारी टोनले साप नदी उलटी फिरते आणि पाणी परत सरोवरात नेऊन भरते. "बघ, नदीसुद्धा एकदा ठरवलेलं बदलते," असं मी बायकोला म्हणालो, आणि त्यावर तिने मेकाँग बदलली.

मग कट्ट्यावरच्या एका राष्ट्रप्रेमी काकांनी ठणकावलं, "परदेशात कशाला मरायला? आपली गंगा काय वाईट आहे?" गंगाविलास नावाची क्रूझ बोट 13 जानेवारी 2023 रोजी वाराणसीहून दिब्रुगडला निघाली. 51 दिवस, सुमारे 3,200 किलोमीटर, 27 नद्या. एका तिकिटात 27 नद्या! साडूभाऊ आडवे! मी धावत घरी गेलो.

"51 दिवस?" बायको म्हणाली. "दूध बंद करता येईल, पेपर बंद करता येईल. कामाच्या बाईंना 51 दिवस सुट्टी दिली तर त्या दुसरं घर धरतील. मग आल्यावर 27 नद्यांची भांडी तुम्ही घासणार?"

एव्हाना मला एक निराळीच शंका यायला लागली होती. आपल्याला बोट लागली तर? मला घाटात एसटी लागते, जत्रेतला पाळणा लागतो, एकदा सरकत्या जिन्यावर लागलं होतं. तेव्हा रंगीत तालीम म्हणून, भाच्याच्या लग्नाला गोव्याला गेलो होतो तिथे, संध्याकाळी पणजीला मांडवीवरच्या तासाभराच्या क्रूझचं तिकीट काढलं. वरच्या डेकवर प्लॅस्टिकच्या खुर्च्या, पुढे स्टेज, आणि स्टेजच्या दोन्ही बाजूंना माझ्याहून उंच स्पीकर. बोट सुटली की नाही हे कळायच्या आत माइकवाल्याने लहान मुलांना नाचायला बोलावलं. मुलं नाचली. मग फक्त कपल्सना बोलावलं. "वो पीछे ग्रे शर्टवाले अंकल!" मी मागे वळून बघितलं, माझ्यामागे दुसऱ्यांदा कुणी नव्हतं. स्टेजवर चार मिनिटं हात वर करून उभा राहिलो, बायकोने त्याला नाच म्हणून मान्यता दिली. मग फक्त जेंट्स, मग फक्त लेडीज. शेवटी सगळ्यांनी आपापल्या पिशव्या घेतल्या आणि उतरायची रांग लागली. बोट लागली नाही. लागायला आधी आपण बोटीत आहोत याची आठवण राहावी लागते. "नदी कशी होती?" असं लग्नघरी कुणीतरी विचारलं, तेव्हा आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो.

उरली नाईल. लांबी 6,650 च्या आसपास, महिना पौष, हवा छान. मी लगेच साडूभाऊंना फोन करून आकडा कळवला.

"पण तुम्ही जाणार लक्सर ते आस्वान," ते म्हणाले. त्यांनीही चष्मा लावून बसणं केलेलं दिसलं. "दोनशे किलोमीटर. म्हणजे पुणे-नाशिक. त्याला चार दिवस?"

"चाकणमार्गे चारच लागतात," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

बायकोचं मात्र अजून मन होत नव्हतं. देवळांची यादी तिने ऐकली. कोम ओम्बोला सोबेक या मगरीच्या देवाचं देऊळ आहे आणि शेजारच्या संग्रहालयात मगरींच्या ममी ठेवल्या आहेत, यावर तिने "ज्याची त्याची श्रद्धा" म्हटलं. मगरी आता आस्वानच्या मोठ्या धरणाच्या वरच्या अंगालाच असतात, बोटीच्या वाटेला येत नाहीत, हेही मी सांगून पाहिलं. उपयोग नाही. शेवटी निकाल लावला तिच्या भिशीतल्या एका वहिनींनी. त्या नाईलवर जाऊन आल्या होत्या आणि पोह्यांची बशी हातात धरून त्यांनी एस्नाच्या लॉकची हकिगत सांगितली.

"अगं, बोटी लॉकमध्ये आपला नंबर यायची वाट बघत उभ्या असतात ना, तेव्हा खालून विक्रेते येतात. एवढ्याशा होड्या. एक जण दोरी टाकून आपल्या मोठ्या बोटीला होडी अडकवतो आणि दुसरा खालून ओरडतो, मॅडम, मॅडम! आम्ही वर डेकवर चहा घेत होतो, तर सूंऽ करून प्लॅस्टिकची पिशवी थेट मांडीत. चार मजले खालून! आत टेबलक्लॉथ. नको असेल तर पिशवी परत फेकायची. हवा असेल तर त्याच पिशवीत पैसे घालून फेकायचे."

"म्हणजे माल आधी आपल्या हातात?" बायकोने बशी खाली ठेवली.

"आधी!"

"आणि बोट सुटली तर?"

"म्हणून तर त्याला घाई. आपल्याला कसली?"

तुळशीबागेत उभी हयात गेलेल्या बाईला असा व्यापारी कधी भेटला नव्हता. माल गिऱ्हाइकाच्या हातात, पैसेही गिऱ्हाइकाच्या हातात आणि दुकानदार खाली पाण्यात.

"कितीला घेतलात?"

"तीस डॉलर म्हणत होता. मी पाचवर आणला."

"पाच?" बायको हळहळली. "मी तीनच्या वर गेले नसते."

दुसऱ्या दिवशी आम्ही नाईलचे पैसे भरले. ज्या नदीकाठी पिरॅमिड बांधले, जिच्या पुरावर हजारो वर्षं एक संस्कृती पोसली गेली, ती आमच्या घरात टेबलक्लॉथवर पास झाली.

मात्र नेम बसवायला हवा, असं बायकोचं म्हणणं पडलं. भाव पटला नाही आणि पिशवी परत फेकताना नाईलमध्ये पडली तर तिची किंमत भरावी लागेल. म्हणून आता रोज संध्याकाळी आमच्या तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत सराव चालतो. खाली वॉचमन विक्रेता होतो, वर बायको गिऱ्हाईक. सुरुवातीला दोन पिशव्या जांभळाच्या झाडावर अडकल्या आणि एक तळमजल्यावरच्या आजोबांच्या चहात गेली. आता हात बसला आहे. वॉचमनचा तर फारच बसला आहे. परवा त्याने खालून चादर अशी झोकली, की ती माझ्या वर्तमानपत्रावर येऊन उलगडली.

"किती?" बायकोने वरून विचारलं.

"पाचशे, वहिनी! इजिप्तचं कॉटन!"

"पन्नास!"

"धुतल्यावर आटत नाही! साडेतीनशे!"

अर्धा तास घासाघीस चालली. सगळ्या गॅलऱ्या भरल्या. बायको दोनदा चादर घडी करून परत फेकायला निघाली, वॉचमन दोनदा पाठ फिरवून गेटकडे चालता झाला. शेवटी एकशेवीसवर सौदा पटला, तिने पिशवीत पैसे घालून फेकले, त्याने वरच्यावर झेलले, आणि बाकीच्या गॅलऱ्यांतून टाळ्या पडल्या.

चादर आमचीच होती, सरावासाठी खाली नेऊन दिलेली. रात्री मी वॉचमनकडे एकशेवीस रुपये मागायला गेलो.

"असं कसं साहेब," तो म्हणाला. "वहिनींनी भाव करून घेतलीय."